बाहेरच्या जागेची व्यावसायिक सफाई : पथक चांगले, पत्रक अपुरे

गच्ची, बाल्कनी, घराभोवतीची दगडी फरशी आणि लाकडी डेक अशा उघड्यावरच्या बैठकीच्या जागा यंत्राने धुऊन देणाऱ्या एका व्यावसायिक सेवेकडून अलीकडे काम करून घेतले, त्याचे हे परीक्षण आहे. सेवेचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण अशी सेवा बोलावताना काय पारखून घ्यावे हे सांगण्यासाठी नावाची गरज नाही. माझे मत आधीच नोंदवते. पथकाचे प्रत्यक्ष धुण्याचे काम उत्तम होते. भेटीपूर्वी ग्राहकाने करायच्या तयारीबाबत सेवेने पाठवलेले पत्रक मात्र फारच अपुरे होते, आणि या कामाचे स्वरूप पाहता ही उणीव किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

घराच्या आतली सफाई आणि बाहेरची सफाई यांत मोठा फरक आहे. आत आलेला कर्मचारी वस्तू उचलतो, पुसतो, परत जागेवर ठेवतो. चुकून काही राहिले तर तेवढेच राहते. बाहेर मात्र यंत्र सुरू झाल्यानंतर त्या जागेत जे काही उरले असेल ते भिजते, उडते किंवा वाहून जाते. पाण्याचा दाब बार या एककात मोजतात. घरच्या नळाला साधारण २ ते ४ बार दाब असतो, घरगुती प्रेशर वॉशर १०० ते १५० बारपर्यंत जातो आणि व्यावसायिक यंत्रे २०० बारच्या आसपास चालतात. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर सुमारे १४.५ पौंडांचा जोर, हे लक्षात घेतले तर हे पाणी धूळ जसे काढते तसेच रंग, सिमेंटचा वरचा थर आणि लाकडाचे तंतूही का काढू शकते ते समजते. केर्शर या जर्मन कंपनीने १९५० मध्ये युरोपातील पहिले गरम पाण्याचे उच्चदाब यंत्र बनवले आणि १९८४ मध्ये उच्चदाबाचे तंत्र घरगुती यंत्रात आणले. तेव्हापासून असे यंत्र कोणालाही विकत घेता येते, म्हणूनच व्यावसायिक सेवेकडून अपेक्षा असते ती केवळ यंत्राची नसून दाब कोठे वाढवायचा आणि कोठे आवरायचा या जाणकारीची असते. ही जाणकारी वापरता यावी यासाठी पथकाला जागेची माहिती आधी हवी, आणि ती मागण्याची जबाबदारी सेवेची आहे.

मला आलेल्या पत्रकात चार सूचना होत्या: जागा रिकामी करून ठेवावी, नळ उपलब्ध असावा, पाळीव प्राणी घरात ठेवावेत आणि दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. चारही सूचना योग्य आहेत, परंतु प्रत्येक सूचना जेथे खरे काम सुरू होते तेथेच थांबते. शिवाय पत्रक भेटीच्या आदल्या संध्याकाळी आले. जड कुंड्या, झोपाळा, छत्रीचा काँक्रीटचा पाया यांसारख्या गोष्टी एका संध्याकाळीत हलवणे शक्य नसते, आणि शक्य असले तरी ते घाईने करणे पाठीसाठी आणि फरशीसाठी, दोहोंसाठी वाईट.

‘जागा रिकामी करावी’ या तीन शब्दांचाच विचार करू. सामान कोठे ठेवायचे हे पत्रकात नव्हते. हिरवळीवर खुर्च्या-टेबले ठेवली तर धुतलेल्या पाण्यातील चिखल आणि रसायन नेमके तेथेच वाहत येते, आणि भिंतीलगत सरकवून ठेवली तर भिंतीची ती पट्टी न धुता राहते. सामान शक्यतो धुण्याच्या जागेच्या चढाच्या बाजूला किंवा छताखाली न्यावे. गाद्या आणि उशा आत नेण्यापूर्वी झटकून पूर्ण वाळलेल्या असाव्यात, नाहीतर बाहेरची बुरशी घरात जाऊन बसते. मोठी छत्री मिटून, बांधून, तिच्या पायापासून वेगळी करून आडवी ठेवावी. उभी मिटलेली छत्री वाऱ्याच्या एका झोताने पडते. कृत्रिम वेताच्या विणलेल्या खुर्च्या धुऊन घ्यायच्या असतील तर पथकाला तसे आधी सांगावे, कारण त्या कमी दाबाने आणि साबणाच्या पाण्याने धुवाव्या लागतात. थेट फवाऱ्याने विणीच्या पट्ट्या सुटतात. सागवानी फर्निचरलाही तोच नियम लागू आहे. लोखंडी पायांच्या टेबलांखाली गंजाचे तांबूस ठसे असतात आणि कुंड्यांखाली काळपट वर्तुळे असतात, तेव्हा या वस्तू दोन-तीन दिवस आधी हलवल्या तर खालची फरशी वाळते, डाग स्पष्ट दिसतात आणि कोणता डाग कशाचा आहे हे पथकाला दाखवता येते. कुंडी उचलल्यावर दिसलेली ओली काळी फरशी पाहून कोणालाही निदान करता येत नाही.

पत्रकातून संपूर्णपणे सुटलेली गोष्ट म्हणजे कोरडी झाडलोट. पाणी मारायचेच आहे तर आधी झाडायचे कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर निचऱ्याच्या जाळीखाली मिळते. वाळलेली पाने आणि माती कोरडी असताना एका सुपलीत भरतात, भिजल्यावर मात्र त्यांचा लगदा होतो आणि तो लगदा पाण्याच्या वाटेने सरळ निचऱ्याच्या तोंडाशी जाऊन बसतो. मिनिटाला १५ लिटर पाणी सोडणारे यंत्र तीन तास चालले तर २,७०० लिटर पाणी होते. गच्चीवरचा निचरा तुंबलेला असेल तर हे पाणी उंबरठ्यापर्यंत चढते आणि मग दारे बंद ठेवून काही उपयोग होत नाही. म्हणून जाळी उचलून आतला गाळ हाताने काढावा आणि एक बादली पाणी एकदम ओतून ते किती वेगाने जाते ते पाहावे. पाणी रेंगाळत असेल तर सफाईची भेट पुढे ढकलून आधी निचरा मोकळा करून घेणे शहाणपणाचे आहे. पर्जन्यजलाच्या गटारातून पाणी पुढे नदी-नाल्यात जात असेल तर रसायनमिश्रित पाणी तेथे सोडू नये. ते कोठे वळवणार हे सेवेला विचारलेच पाहिजे. मी विचारले तेव्हा मला समाधानकारक उत्तर मिळाले, तरी प्रश्न माझ्याकडूनच जावा लागला.

झाडलोटीबाबत दोन बारकावे आणखी आहेत. विटांच्या किंवा सिमेंटच्या पृष्ठभागावर लोणा फुटलेला असेल तर तो कोरडाच ब्रशने काढून गोळा करावा, कारण ते पाण्यात विरघळणारे क्षार असतात. पाणी मारले की ते विरघळून पुन्हा छिद्रांत शिरतात आणि वाळल्यावर पुन्हा वर येतात. पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेबाबत नेमके उलटे करावे लागते. ती कोरडी खरवडल्यास उडणाऱ्या धुळीतून श्वसनाचे संसर्ग होऊ शकतात, म्हणून आधी ओली करून, हातमोजे आणि मास्क घालून उचलावी. विष्ठा फार साचलेली असेल तर तिला हात न लावता पथकाला कळवावे. त्यांच्याकडे त्याची साधने असतात किंवा असायला हवीत.

नळाची सूचनाही अशीच अर्धवट होती. नळ आहे एवढे पुरत नाही, त्यातून पाणी किती येते हे महत्त्वाचे असते. यंत्र मिनिटाला जेवढे पाणी फेकते तेवढे पाणी त्याला नळातून मिळाले नाही तर पंप हवा ओढू लागतो, दाब हेलकावे खातो आणि पंप खराब होतो. दहा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहिले की उत्तर मिळते: एका मिनिटात भरली तर छोट्या यंत्राचे काम चालते, मोठ्या यंत्रासाठी पथकाने स्वतःची टाकी आणणे आवश्यक ठरते. हा आकडा फोनवर विचारून घेणे सेवेला सहज शक्य होते. बाहेरचा नळ बरेच दिवस वापरात नसेल तर तो थोडा वेळ सोडून ठेवावा, म्हणजे नळीतला गंज आणि रेती यंत्राच्या गाळणीत जाणार नाही.

विजेबद्दल पत्रकात एक अक्षर नव्हते, आणि ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते. बाहेरच्या दिव्यांवर आणि सॉकेटवर लिहिलेले आयपी मानांकन पुष्कळांनी पाहिलेले असते, पण त्याचा अर्थ क्वचितच सांगितला जातो. त्यातला दुसरा अंक पाण्यासंबंधी असतो. ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण. ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला १२.५ लिटर या प्रमाणात येणाऱ्या फवाऱ्यापासून. ६ म्हणजे १२.५ मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला १०० लिटर येणाऱ्या जोरदार फवाऱ्यापासून. उच्चदाबाच्या गरम फवाऱ्याची चाचणी ९ या अंकासाठी होते, आणि तिच्यात ८० ते १०० बार दाब जवळून मारला जातो. याचा अर्थ असा की पावसात वर्षानुवर्षे टिकलेला आयपी ४४ दिवा प्रेशर वॉशरपुढे टिकेलच असे नाही. भेटीच्या दिवशी बाहेरच्या दिव्यांचा आणि सॉकेटचा वीजपुरवठा मुख्य फलकातूनच बंद करावा, आणि पथकाचे यंत्र विजेवर चालणारे असेल तर ते ३० मिलिअँपिअर एवढी विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या सुरक्षा स्विचमार्फतच चालवू द्यावे. त्या स्विचवरचे चाचणीचे बटण आदल्या दिवशी दाबून पाहायला काहीच वेळ लागत नाही. पथकप्रमुखाने आल्याआल्या सगळे सॉकेट आणि दारावरची घंटा प्लॅस्टिक व चिकटपट्टीने झाकली आणि वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागावर फवारा जाणार नाही असे बजावले, कारण त्याच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या अशा फवाऱ्याने वाकतात. पत्रकात जे नव्हते ते त्या माणसाच्या सवयीत होते. ही जमेची बाजू आहे, पण सेवेचा दर्जा कोणता कर्मचारी आला यावर अवलंबून राहणे ग्राहकाला परवडणारे नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे पृष्ठभाग कशाचा आहे आणि त्यावर याआधी काय काय ओतले गेले आहे. पत्रकात हा प्रश्नच नव्हता. पथकप्रमुखाने तो दारात उभे राहून विचारला. ग्राहकाला उत्तर ठाऊक नसेल तर दोन सोप्या चाचण्या आधी करून ठेवता येतात. कोपऱ्यातल्या, नजरेआडच्या दगडावर व्हिनेगरचा एक थेंब टाकावा. बारीक बुडबुडे आले तर दगड चुनखडीच्या कुळातला आहे, म्हणजे संगमरवर, चुनखडक किंवा ट्रॅव्हर्टिन, आणि त्यावर कोणतेही आम्लयुक्त रसायन चालणार नाही, कारण आम्ल दगडच खाते आणि झिलई कायमची जाते. थेंब लगेच पुसून पाण्याने धुवावा. दुसरी चाचणी साध्या पाण्याच्या थेंबाची आहे: थेंब मोत्यासारखा वर राहिला तर फरशीवर संरक्षक लेप शाबूत आहे, काही मिनिटांत तो आत मुरून काळा ठसा उमटला तर लेप नाही किंवा संपला आहे. लेप आहे की नाही यावर दाब, रसायन आणि सफाईनंतरचे काम हे तिन्ही ठरते. ग्रॅनाइट या बाबतीत बराच सोशिक आहे. टेराकोटा मात्र पाणी आणि डाग दोन्ही शोषून घेतो.

शेवाळ आणि काळी बुरशी मारण्यासाठी बहुतेक पथके सोडियम हायपोक्लोराइट वापरतात, म्हणजे ब्लीचचेच जहाल द्रावण. ते साधारण १० ते १२.५ टक्के तीव्रतेचे येते आणि पाणी घालून बरेच पातळ करून फवारले जाते. हे रसायन आम्लाच्या संपर्कात आले की क्लोरीन वायू सुटतो आणि अमोनियाच्या संपर्कात आले की क्लोरामाइन वायू तयार होतात. दोन्ही श्वासासाठी घातक आहेत. त्यामुळे पथक येण्यापूर्वी ‘आपणच थोडे साफ करून ठेवू’ म्हणून संडास धुण्याचे आम्ल फरशीवर ओतणे ही सर्वांत धोकादायक तयारी ठरते. तसे काही आधीच्या काही दिवसांत ओतले गेले असेल तर ते न लाजता सांगावे. गंजाच्या डागावरही ब्लीच उपयोगाचे नाही, उलट लोहाचे ऑक्सिडीकरण वाढून डाग अधिक पक्का होऊ शकतो. त्यासाठी ऑक्सॅलिक आम्ल लागते, आणि तेही दगड आम्ल सोसणारा असेल तरच. पानांचे तपकिरी ठसे टॅनिनचे असतात आणि ते सोडियम परकार्बोनेटसारख्या ऑक्सिजन देणाऱ्या ब्लीचने बऱ्यापैकी उतरतात. तेलाच्या ताज्या डागावर आधी लाकडाचा भुसा किंवा माती टाकून तेल शोषून घ्यावे. डाग कशाचे आहेत याची टिपणी करून कागदाची चिठ्ठी चिकटपट्टीने जवळच्या भिंतीवर लावून ठेवली, तर पथकाचा बराच वेळ वाचतो; माझ्याकडच्या पथकाने त्या चिठ्ठ्या पाहून खरोखर वेगवेगळ्या बाटल्या काढल्या.

लाकडी डेकबाबत सेवेला पूर्ण गुण देते. मऊ लाकडावर ५०० ते ६०० पीएसआयपेक्षा फार पुढे जाऊ नये, फवारा रुंद असावा आणि तो लाकडाच्या रेषेनेच फिरवावा, हे सर्व त्यांनी न सांगता पाळले. प्रेशर वॉशरच्या नॉझलांना रंग असतात: लाल म्हणजे सरळ शून्य अंशाची धार, पिवळा १५ अंश, हिरवा २५, पांढरा ४० आणि काळा साबणासाठी. लाकडावर त्यांनी पांढराच लावला. लाल नॉझल पेटीतून बाहेर निघालेच नाही, याची मी खास नोंद घेतली. ग्राहकाच्या बाजूने डेकची तयारी म्हणजे वर आलेले खिळे आणि स्क्रू आत बसवणे, सडलेल्या फळ्या खडूने खुणावणे आणि फटींत अडकलेली माती पातळ पट्टीने काढून टाकणे. फरशीवरही हेच लागू होते: लाकडी दांड्याने ठोकून पाहिले असता पोकळ वाजणाऱ्या फरश्यांवर खूण करावी, कारण त्यांच्या सांध्यांतून पाणी खाली शिरले की त्या उचलल्या जातात.

काही पृष्ठभाग असे आहेत की तेथे यंत्र लावूच देऊ नये, आणि हे पत्रकात ठळक अक्षरांत असायला हवे होते. जुन्या ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यावर उच्चदाबाचे पाणी मारले की घातक तंतू सुटतात. पापुद्रे निघालेल्या फार जुन्या रंगात शिसे असू शकते, आणि फवाऱ्याने ते सगळीकडे पसरते. गच्चीवर जलरोधक पडदा किंवा लेप असेल तर त्याच्या कडा आणि जोड पाण्याच्या धारेने उखडतात. तशा गच्चीवर मऊ ब्रश आणि कमी दाब हाच मार्ग आहे. सौर पॅनेलवर तर असे यंत्र चालवूच देऊ नये.

झाडांबाबत पत्रकात काहीही नसले तरी पथकाने केलेले काम वाखाणण्यासारखे होते. रसायन फवारण्यापूर्वी आजूबाजूची झाडे आणि माती साध्या पाण्याने चिंब केली, काम चालू असताना पुन्हा शिंपडले आणि शेवटी धुऊन काढले; ओल्या पानांवर आणि मातीत पडलेले ब्लीच पातळ होते आणि कमी शोषले जाते. झाडांवर प्लॅस्टिक टाकायचे तर ते थोड्याच वेळासाठी टाकावे, उन्हात तासन्‌तास झाकलेली पाने भाजतात. मासे असलेले कुंड जवळ असेल तर ते झाकणे अनिवार्य आहे, कारण अगदी थोडे क्लोरीनही माशांना मारते. मधमाश्यांचे किंवा गांधीलमाश्यांचे पोळे असल्यास ते आधीच कळवावे. फवारा त्यावर गेला तर काम तेथेच संपते. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना कपडे आत घ्यायला आणि खिडक्या लावायला सांगणेही तयारीतच येते. दारे नुसती बंद करून भागत नाही, सरकत्या दाराच्या खालच्या खाचेबाहेर जुना टॉवेल गुंडाळून लावावा लागतो, कारण या खाचेतली छिद्रे पाणी बाहेर काढण्यासाठी असतात आणि बाहेरून दाबाने आलेले पाणी त्यांच्याच वाटेने आत येते.

प्रत्यक्ष कामाची पद्धत शिस्तीची होती. आधी सर्व जागेची छायाचित्रे काढली, तडे आणि तुटलेले कोपरे मला दाखवून नोंदवले, एका कोपऱ्यात चाचणीपुरता छोटा चौकोन धुऊन माझी संमती घेतली आणि मग वरून खाली, म्हणजे कठड्यापासून फरशीकडे, काम सुरू केले. रसायन उन्हात वाळू नये म्हणून सावलीची बाजू आधी घेतली. दहा-पंधरा मिनिटे ओले राहिले तरच ते शेवाळावर काम करते. मोकळ्या फरशीवर त्यांनी गोल झाकणाखाली फिरत्या दांड्यातून फवारे मारणारे उपकरण वापरले. हातातल्या नळीने धुतलेल्या फरशीवर जे आडवेतिडवे पट्टे राहतात ते त्यामुळे कोठेही दिसले नाहीत, आणि शिंतोडेही भिंतीवर उडाले नाहीत.

दोन त्रुटी मात्र नोंदवल्याच पाहिजेत. फरशीच्या काही भागात सांध्यांमध्ये रेती भरलेली होती, आणि ती धुण्यात बरीच निघून गेली. रेतीचे सांधे धुतले की रेती काही प्रमाणात जाणारच, हे अटळ आहे. पण पुन्हा भरणे ही वेगळी सेवा आहे हे काम संपल्यावर सांगण्यात आले. हे आधी कळले असते तर ग्राहक रेती मागवून ठेवतो किंवा दोन्ही कामे एकाच भेटीत ठरवतो. सांधे रिकामे ठेवून फरशी वापरणे योग्य नाही, कारण आधार गेलेल्या फरश्या हलू लागतात आणि तण उगवायला जागा मिळते. दुसरी त्रुटी काचांची. खिडक्यांवर उडालेले पाणी वाळून क्षारांचे पांढरे ठिपके राहिले, आणि काचा साध्या पाण्याने धुऊन रबरी पट्टीने निपटणे पथकाच्या कामात धरलेले नव्हते. मोठी गोष्ट नाही, परंतु ज्याने ठिपके पाडले त्यानेच ते पुसावेत ही अपेक्षा रास्त आहे.

कामानंतरच्या सूचनाही तोंडीच आणि घाईत मिळाल्या. दगडफूल मेले तरी त्याचे काळे-पांढरे ठसे दगडात रुतलेले असतात आणि ते ऊन-पावसाने काही आठवड्यांत फिके होत जातात. हे न सांगितल्यास ग्राहकाला काम अर्धवट वाटते. लाकडाला तेल किंवा लेप लावायचा असेल तर किमान ४८ तासांचे कोरडे हवामान मिळू द्यावे, दमट हवेत त्याहून जास्त. फर्निचर परत ठेवण्यापूर्वी लोखंडी पायांना रबरी टोप्या आणि कुंड्यांखाली पाय असलेल्या बैठका लावाव्यात, म्हणजे हवा खेळती राहते आणि तीच वर्तुळे पुन्हा उमटत नाहीत. बाहेरचा वीजपुरवठा सुरू करण्यापूर्वी सॉकेटांवरची झाकणे काढून आत ओल नाही याची खात्री करावी.

धुण्याच्या कौशल्याला पाचपैकी साडेचार, ग्राहकाच्या तयारीबाबतच्या मार्गदर्शनाला दीड, आणि सफाईनंतरच्या माहितीला दोन गुण मी देईन. या सेवेने पत्रकातल्या चार सूचनांच्या जागी एक प्रश्नावली पाठवावी आणि ती भेटीच्या किमान आठवडाभर आधी पाठवावी: फरशी कशाची, लेप आहे का, सांधे कशाचे, नळाला पाणी किती, निचरा कोठे जातो, कोणती रसायने आधी वापरली, कुंडात मासे आहेत का, जुना पत्रा किंवा सोलवटलेला रंग आहे का. मी हे त्यांना लेखी कळवले आहे. पुढच्या हंगामात हेच पथक पुन्हा बोलावण्याचा माझा विचार आहे, फक्त सांध्यांतील रेती आणि खिडक्यांच्या काचा या दोन्ही गोष्टी कामाच्या लेखी तपशिलात घालून घेतल्यानंतरच मी तारीख ठरवीन.